काना तेवढा उरला

आमच्या भिंतीवर न विचारता चिकटवलेलं पोस्टर
हर्णैच्या वाऱ्याने तीन दिवसांत सोलत आणलं.
आधी उमेदवाराचा कान गेला,
मग वरच्या पाच साहेबांपैकी दोघे,
आणि काल ‘विजयी’वरचा वेलांटीचा आकडा.
काना तेवढा उरला.
प्रचंड बहुमतांनी विजया करा.

विजया म्हणजे काय, मला मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं.
दापोलीच्या वैद्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं,
बारीक अक्षरात, लाजल्यासारखं.
मी विचारलं, म्हणजे?
म्हणाले, गांजाचं माहेरचं नाव.
पान चालतं, फूल चालत नाही, कायदा तसा आहे.
आणि पानाने बाबांच्या कंबरेतलं हाड
संध्याकाळी सातपर्यंतच गप्प बसतं.
सातनंतरचं मी सांगत नाही.
अडतीस वर्षं तांडेल होता हा माणूस,
दोरात बोट चेंगरलं तेव्हा
शिवीसुद्धा निम्मीच दिली होती.

म्हणून या खेपेला दारात जो आला
त्याला मी एकच विचारलं.
नंदकुमार कालेकर म्हणाले, जेट्टी देतो.
जेट्टी द्याच, मी म्हटलं, पण दुखण्याचं काय?
म्हणाले, शिबिर घेऊ. चष्मे फुकट.
मुकादम वकील, त्यांना कलमं पाठ.
चहा गार होईपर्यंत कलमं सांगितली
आणि उठताना म्हणाले, ताई, पक्षाची भूमिका ठरायचीय.
आमच्या नमनातल्या पोरांचीसुद्धा
भूमिका रात्री नऊपर्यंत ठरते,
आणि त्यांना तर तोंडाला रंग लावायचा असतो.

शीतल दोर्लेकर एकटीच आली. अपक्ष, कपबशी.
तिने तळहातावर बॉलपेनने लिहून घेतलं, विजया.
म्हणाली, वाचते.
दोन दिवसांनी लिलावात, कोलंबीच्या टोपल्यांमागे गाठून
हळूच म्हणाली, वाचलं. पटलंय मला.
पण स्टेजवर नाही हां बोलणार,
गांजावाली म्हणून पाडतील.
निवडून आले तर बोलेन. बहुतेक.
तिच्या हातावर निळा डाग राहिला होता, अक्षर नाही.
मला राग यायला हवा होता.
मी तिला बांगड्यांचा वाटा दहा रुपये कमी घेऊन दिला.
आचारसंहितेत बसतं का कुणास ठाऊक.

काल मतदान घरी आलं, बाबांच्या वयाच्यांसाठी.
दोन बाया, एक कॅमेरावाला, एक पोलीस,
पुठ्ठ्याचा आडोसा, पाकिटं, डिंकाची बाटली.
उशीखाली दुसरी बाटली होती.
तिच्यावर मी ‘मालिशचं तेल’ लिहिलंय.
आतलं पानाचं की फुलाचं, विचारू नका,
आणून देणाऱ्याचं नावही मला आठवत नाही.
बाबा कुशीवर वळले
आणि ती घरंगळत थेट पोलिसाच्या बुटाशी.
त्याने उचलली. बूच काढलं नाही.
वास आलाच असणार.
कंबर का? त्याने विचारलं.
मी हो म्हटलं.
त्याने ती डिंकाशेजारी ठेवली
आणि खिडकीतून समुद्राकडे बघत राहिला.
ओहोटी होती. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

आडोशामागून बाबांनी विचारलं,
“यातला दुखनं थांबवनारा कोन?”
बाई म्हणाल्या, आजोबा, आम्हाला सांगता येत नाही.
“म्हंजे तुमालाबी म्हाईत नाय.”
आणि हसले.
हसण्याची किंमत लगेच वसूल झाली, कंबरेतून.
एक फुली मारायला अकरा मिनिटं लागली.
कॅमेरा चालूच होता.

कुणाला मारली, ते मला सांगत नाहीत.
गुपित असतं म्हणतात,
आणि उशीखाली हात घालून चाचपतात.

माझं मत बुधवारी.
कपबशीला. बहुतेक.
तो शब्द मी तिच्याकडूनच घेतला,
बांगड्यांच्या बदल्यात.